आक्काच्या पहिल्या अंकाची किंमत

शिरूरच्या वाचनालयात सकाळी वर्तमानपत्र वाचायला जी चार-सहा निवृत्त माणसे येतात, त्यांतला मी एक. बाकीचे मथळे वाचतात. मी बातमी शेवटपर्यंत वाचतो आणि तीत चूक आढळली की संपादकांस पत्र लिहितो. दिवाणी न्यायालयात नाझर म्हणून नोकरी केली. शिक्का, सही आणि दिनांक पाहण्यात जन्म गेला, त्यामुळे निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसत नाही. उघडे गटार, दिवसा जळणारा रस्त्यावरचा दिवा, एकाच वस्तूच्या दोन दुकानांतील दोन किमती, कशावरही मी लिहितो. उत्तर क्वचित येते. पोस्टातल्या खिडकीमागचा माणूस मला पाहिले की विचारतो, "आप्पा, आज कुणाची पाळी?"

त्या दिवशीच्या बातमीत मात्र मला चूक काढता आली नाही. आमच्या लहानपणी निघालेल्या एका मराठी चित्रकथा मासिकाचा पहिला अंक मुंबईच्या लिलावात काही लाखांना गेला होता. सोबत मुखपृष्ठाचे छायाचित्र होते. निळ्या लाटा, पांढरे दीपगृह, आणि डोळ्यांवर मुखवटा बांधून समुद्रात सूर मारणारा दीपगृहाचा रखवालदार. ते चित्र मी तत्काळ ओळखले. तो अंक आमच्या घरी होता आणि त्याला हात लावण्याची मला मनाई होती. हातात घेतलेली वस्तू माणूस विसरतो, दुरून पाहिलेली विसरत नाही.

आमचे वडील दौंडच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, विषमज्वर झाला, तेव्हा तिचे केस कापले होते आणि तिला खाटेवरून उतरू देत नसत. ती रडू लागली म्हणून वडिलांनी फलाटावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून हा अंक आणला. आक्का बरी झाली. अंक आईने जुन्या धोतराच्या फडक्यात कडुनिंबाच्या पाल्यासह गुंडाळून ट्रंकेत ठेवला. आक्का सणासुदीला तो काढी, मांडीवर घेऊन पाने चाळी, आणि मी जवळ सरकलो की म्हणे, "लांबून बघ. तुझे हात चिकट असत्यात." दौंडात आम्ही समुद्र कुठला पाहणार? भीमेला पूर आला की तोच आमचा समुद्र. लग्न झाल्यावर ट्रंक तिच्याबरोबर गेली, तीही दौंडातच, दुसऱ्या गल्लीत.

बातमीची झेरॉक्स काढून मी दुसऱ्या दिवशी न्हावरे मार्गे जाणारी एसटी धरली. उसाचा हंगाम होता. दोन-दोन ट्रेलर जोडलेल्या ट्रॅक्टरमागे एसटी रखडत होती. त्या ट्रेलरांना मागे लाल दिवा नसण्याविषयी मी पूर्वी पत्रे लिहिलेली आहेत. या वेळी नुसता बसून राहिलो.

आक्काचे घर म्हणजे तिच्या यजमानांनी रेल्वेतून निवृत्त होताना बांधलेल्या दोन खोल्या आणि वर स्लॅब. यजमान गेले आणि त्यांच्यामागे स्लॅबनेही मान टाकली. छतातल्या सळया गंजून फुगल्या, गिलावा पोपडे धरून सुटू लागला. गवंड्याने सांगितले होते की आता वरून डांबर मारून भागणार नाही, स्लॅब पाडून नवा टाकावा लागेल. आक्काचा मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत आहे, कारेगावात तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे आणि त्याचे हप्ते चालू आहेत. त्याचे म्हणणे सरळ होते. स्लॅबला पैसे नाहीत, आईने कारेगावी यावे. आक्काचे म्हणणेही तितकेच सरळ होते. "हितं माझ्या दाराची कडी मी लावती आन् मीच काढती. तिकडं दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळे हिंदीत बोलत्यात. मी कुणाला काय इचारू?" पावसाळ्याच्या आत स्लॅब झाला तर ती राहणार होती, न झाला तर तिला जावे लागणार होते.

पैसे मी देऊ केले होते, हेही नमूद करतो. तिने घेतले नाहीत. म्हणाली, "भावाकडून साडीपुरतं घ्यावं, स्लॅबपुरतं न्हाई. तुझ्या घरात सून हाय. उद्या ती तोंडानं न्हाई बोलली, तरी डोळ्यानं बोलंल."

मी झेरॉक्स तिच्या पुढ्यात ठेवली. तिने चष्मा लावला, चित्र पाहिले आणि हसली.

"ह्याला लाख? नाझरसाहेब, तुम्हाला ऊन लागलं का?"

"छापील आहे, आक्का."

"छापील तर काय बी असतं. आपल्या गल्लीत बिबट्या आला म्हणून बी छापलं हुतं."

तरीही तिने ट्रंक उघडली. फडके सोडले. पाला चुरून भुकटी झालेली होती, आणि आत तो अंक जसाच्या तसा होता. निळा रंग निळाच होता. मधल्या दोन पिनांना किंचित तांबूस कड आली होती, एवढेच. मी हात पुढे केला आणि सवयीने मागे घेतला. तिने ते पाहिले.

लिलाव करणाऱ्या संस्थेचा पत्ता मी शोधून काढला, पत्र पाठविले, आणि आश्चर्य असे की आठवड्याच्या आत फोन आला. बोलणारी बाई तरुण होती, आणि मला सर म्हणत होती. तिच्या सांगण्याप्रमाणे मी पुन्हा दौंडला गेलो, आक्काला एकेक पान उलटायला सांगून फोटो काढले आणि पाठविले. मी तिथे असतानाच बाईचा फोन आला. तिने सांगितलेला आकडा स्लॅब होऊन शिवाय दोन्ही खोल्यांना फरशी बसेल एवढा होता. "पण सर, फोटोत दिसतोय तसाच तो प्रत्यक्ष असेल तर हं," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळी किंमत स्थितीची असते. प्लीज त्याला काही करू नका. टेप लावू नका, कव्हर घालू नका, डाग पुसू नका. काही लोक चुण्या काढायला इस्त्री करतात, ते तर अजिबात नको."

मी हे सर्व लिहून घेतले. चार गोष्टींना मनाई: टेप, कव्हर, पुसणे, इस्त्री. आक्काला चार गोष्टी सांगितल्या तर त्यांतल्या दोन विसरेल, म्हणून निघताना मी तिला एकच वाक्य सांगितले, आणि ते पुरेसे आहे असे मला वाटले. न्यायालयात लांबलचक निकालानंतर शेवटी एका ओळीचा हुकूम असतो, तीच सवय. मी म्हणालो, "आक्का, हे आता गोष्टीचं पुस्तक नव्हे. हा दस्तऐवज आहे. घराचं खरेदीखत जपतेस, तसा हा जप."

"तसाच जपती," ती म्हणाली.

अंक घेऊन मुंबईस जाण्याचा दिवस ठरला. मी पहाटेच्या गाडीने जावे म्हणून आदल्या दुपारीच दौंडला पोहोचलो. आक्काने चहा टाकला. मग ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हिरवी फाईल होती, आणि चेहऱ्यावर मोठे समाधान होते.

"घे. कसा केलाय बघ. आता पाण्यात टाकला तरी काय होत न्हाई."

फाईलमध्ये प्लास्टिकची पाने होती. दीपगृहाचा रखवालदार चकचकीत प्लास्टिकमध्ये सूर मारत होता. प्रत्येक पान सुटे, प्रत्येक पान लॅमिनेट केलेले, कडा सरळ कापलेल्या, कोपरे गोल. पिना नव्हत्या. पान वाकविले की पत्र्यासारखा आवाज होई.

मी दोन-चार पाने उलटून पाहिली. शेवटी मी विचारले, "हे कोणी सांगितलं तुला?"

"तूच की."

"मी?"

"खरेदीखतासारखं जप म्हणालास. खरेदीखत बघ की कपाटात. कसं हाय? तूच नेलं हुतंस लॅमिनेशनला."

हे खरे होते. दोन पावसाळ्यांमागे भिंतीला ओल आली, तेव्हा तिचे खरेदीखत, रेशनकार्ड, यजमानांच्या पेन्शनचे कागद, मृत्यूचा दाखला, सर्व मी स्वतः नेऊन लॅमिनेट करून आणले होते. आमच्या भागात ज्या कागदाला मान आहे, त्याला प्लास्टिक आहे. गुणपत्रिका, जातीचा दाखला, वारसनोंद, लग्नपत्रिकासुद्धा. त्या दिवशी मी तिला म्हटले होते की आता या कागदांना मरण नाही.

मी फाईल काखेत मारून तडक त्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. आक्का मागून येत होती. दुकानदार स्टुलावर बसून वडापाव खात होता.

"या आप्पा. झेरॉक्स का प्रिंट?"

"हे तुम्ही कोणाच्या अधिकारात कापलेत?"

त्याने पान हातात घेतले, उजेडाकडे धरले. "ह्यात काय वाईट झालं? बुडबुडा एक न्हाई आलेला."

"मी विचारतो, अंकाची पाने कापण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"अहो, जोडपान हुतं. पाऊचमधी बसत न्हाई. मधून कापलं तवा कुठं बसलं. पिना काढल्या, न्हाईतर रोलरला चरे पडत्यात. आज्जी हितंच बसून हुत्या की. व्हय का न्हाई, आज्जी?"

"व्हय," आक्का म्हणाली.

"कोपरे बी गोल करून दिलेत, हाताला टोचू न्हाईत म्हणून. त्याचं वेगळं काय लावलं न्हाई."

"मी तुम्हाला नोटीस पाठवीन."

"पाठवा. पत्ता बोर्डावर हाय." मग तो थोडा नरमला. "आप्पा, तुम्हीच मागं खरेदीखत घेऊन आला हुता ना? तवा म्हणला हुता, काम चोख करतोस. ते चोख आन् हे वाईट, मग मी काय समजू?"

मला कलमे आठवत होती. दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी, निष्काळजीपणा, ग्राहकाचा हक्क. त्यांतले एकही त्या माणसाला लागू पडत नव्हते. ग्राहकाने जे मागितले, ते त्याने दिले होते, आणि चांगले दिले होते. मी तिथे पुष्कळ मोठ्याने बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही. रस्त्यावर माणसे थांबली, तेव्हा आक्काने माझा दंड धरला. "चल. चहा गार झाला आसंल."

मुंबईस जाणे रद्द झाले. फोटो मात्र पाठविले, कारण माणूस वेडा असतो. बाईचा फोन लगेच आला.

"सर, हे कसं झालं?"

"प्लास्टिक काढता येत नाही का?"

"नाही हो. तो गोंद उष्णतेनं कागदात वितळलेला असतो. सोलायला गेलं तर शाई निघून येईल. शिवाय पानं कापलीत."

"मग किंमत किती कमी होईल?"

"सर, किंमत नाही."

"नाही म्हणजे किती?"

"नाही म्हणजे आम्ही तो लिलावात घेऊच शकत नाही. मला खरंच वाईट वाटतंय."

तिचा स्वर सच्चा होता, आणि त्याचाच मला अधिक संताप आला. उद्धट माणसाशी भांडता येते. मी त्या रागात संस्थेला तीन पत्रे लिहिली, पोच देय रजिस्टरने. पहिल्यात विचारले की कागद सुरक्षित करणे हा दोष कसा ठरतो. दुसऱ्यात लिहिले की इनामगावच्या टेकाडात सापडलेली खापरे फुटकी असूनही विद्वानांनी जपून नेली, मग आमचा अखंड चेहऱ्याचा रखवालदार टाकाऊ कसा. हे पत्र पोस्टात टाकल्यावर मला आठवले, तिथे खोदणारे लोक खेड्यातल्या बायाबापड्यांना हेच सांगत असत, की मिळेल ते धुऊ नका, घासू नका, मातीसकट द्या. म्हणजे माझा दाखला माझ्याच विरुद्ध जात होता. तिसऱ्या पत्रात मी माझा खरा मुद्दा मांडला. आपण मनाई केलेल्या चार गोष्टींत लॅमिनेशनचा उल्लेख नव्हता, सबब सूचना अपुरी होती.

याला लेखी उत्तर आले. "आपले म्हणणे योग्य आहे. ग्राहकांना द्यावयाच्या सूचनांत यापुढे लॅमिनेशनचा समावेश करण्यात येईल. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत." खाली सही, शिक्का, दिनांक, सर्व जागच्या जागी. इतकी वर्षे पत्रे लिहिल्यावर प्रतिपक्षाने माझे म्हणणे संपूर्ण मान्य केल्याचा हा एकमेव प्रसंग. मी तो कागद दोनदा वाचला, घडी केली, आणि त्याचे काय करावे हे मला कळेना.

भाच्याला सांगायला मी कारेगावी गेलो. तो रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. त्याने सगळे ऐकून घेतले. मला वाटले होते, हसेल किंवा चिडेल.

"मामा, पुस्तकाचं जाऊ द्या," तो म्हणाला. "मला एक सांगा. तिला माझ्याकडं यायचं म्हणलं की एवढं काय वाईट वाटतंय? गळका स्लॅब चालतोय, मी न्हाई चालत?"

मी म्हणालो, "तुझ्यावर राग नाही तिचा. दार तिचं आहे, एवढंच."

"इथलं दार पण तिचंच हाय की."

मी हे आक्काला सांगितले. तिने ऐकले आणि विषय बदलला. पाऊस सुरू झाला तसा तिने पलंग स्वयंपाकघरात ओढून घेतला, मग स्वयंपाकघरातही छत ठिबकू लागले. श्रावणात एका दुपारी, ती शेजारणीकडे वाती वळायला गेलेली असताना, गिलाव्याचा एक मोठा थर सुटून बरोबर पलंगावर उशीच्या जागी पडला. शेजारणीच्या सुनेने मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा भाचा आधीच आला होता आणि तुकडे घमेल्यात भरत होता. आक्का दारात उभी होती. छताकडे तिने एकदाच पाहिले, तिथे आता काळ्या सळया उघड्या पडल्या होत्या.

"कारेगावात रेशनचं दुकान लांब हाय का रं?" तिने मुलाला विचारले.

त्याने घमेले खाली ठेवले. "खालीच हाय, आई. बिल्डिंगच्या खाली."

"मग कार्ड तिकडं करावं लागंल." ती माझ्याकडे वळली. "नाझरसाहेब, लिहा."

दौंड तालुक्यातून नाव कमी करून शिरूर तालुक्यात दाखल करण्याचा अर्ज. असले अर्ज मी लोकांसाठी पुष्कळ लिहून दिलेले आहेत, ते झोपेतही लिहीन. पिशवीतून कागद काढला. टेबल भरून सामान होते, पलंगावर चुना पसरलेला होता. मी खुर्चीवर बसून कागद मांडीवर धरला, पण तो दबू लागला.

"खाली काय तरी टणक घे," आक्का म्हणाली आणि हिरव्या फाईलमधून वरचे पान काढून माझ्यापुढे धरले. निळ्या लाटा, पांढरे दीपगृह.

मी घेतले नाही.

"घे की. आता लाव हात. आता काय खराब व्हायचं न्हाई."

"आक्का..."

"तुझे हात चिकट हायत, ठाव हाय मला. पुसता येतं आता ते."

भाचा हसला. मग ती हसली. मी ते पान मांडीवर घेतले, त्यावर कोरा कागद ठेवला आणि लिहू लागलो. विषय, पत्ता बदलणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार, राहणार दौंड. तिथे माझा हात थांबला. मी "राहणार" खोडून "पूर्वी राहणार" असे केले, पेन कागदाच्या कडेवरून घसरले आणि एक निळी रेघ रखवालदाराच्या मुखवट्यावर उमटली. आक्काने वाकून पदराने ती पुसली. तिथे काही राहिले नाही.

"लिही पुढं," ती म्हणाली. "बस चुकंल तुझी."